ऑक्सिजन चेंबरमध्ये कान दुखतात म्हणून उपचार सोडायचे का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकदा मांडते, म्हणजे काही चुकलं तर लक्षात येईल. वडील ६४ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे आणि तळपायाची जखम चार महिने भरत नाही. डॉक्टरांनी हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन घेण्याच्या, ३० सिटिंग्ज सांगितल्या. पहिल्या दिवशी कानाला दडे बसले. दुसऱ्या दिवशी उजवा कान इतका दुखला की त्यांना मधेच बाहेर काढावं लागलं. आता ते परत आत जायला तयार नाहीत. केंद्रातले म्हणतात कानात छोटी नळी बसवावी लागेल, शेजारच्या काकू म्हणतात कोमट तेल सोडा, आणि तुम्ही विचारताय की हे सगळं सोडूनच द्यावं का.

माझं मत: एवढ्यात सोडू नका, आणि नळीची घाईही करू नका. तेल मात्र अजिबात सोडू नका, त्याचं कारण पुढे सांगते. मी बरीच वर्षं अशा चेंबरच्या आत आणि बाहेर काम करते आहे. कान दुखणं ही या उपचारातली सर्वांत नेहमीची तक्रार आहे. बहुतेकांची ती पहिल्या आठवड्यातच आटोक्यात येते, पण त्यासाठी कुणीतरी शांतपणे बसून शिकवावं लागतं. तुमच्या लिहिण्यावरून मला असं दिसतं की बाबांना 'कान दुखला तर सांगा' एवढंच सांगितलं गेलं. गोची तिथेच आहे. दुखेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप लक्षात राहतील. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. ती नाकाच्या मागच्या भागाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. हीच युस्टेशियन नळी, मोठ्या माणसात साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. चेंबरमध्ये दाब वाढू लागला की पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नळी उघडून थोडी हवा आत गेली की पडदा परत जागेवर येतो. गेली नाही, तर आधी दडे, मग दुखणं, मग पडद्यात रक्त उतरणं आणि शेवटी पडदा फाटणं, अशी ती चढण आहे.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत गेला की नळीचं तोंड दाबाखाली असं मिटतं की स्नायूंना ते उघडता येत नाही. सोसाट्याचा वारा दारावर आदळत असताना दार उघडायला जावं, तसं. वारा सुरू होतानाच दार किलकिलं ठेवलं असतं तर जोर लावावाच लागला नसता.

हे ९० मिलिमीटर म्हणजे किती? पाण्यात जेमतेम सव्वा मीटर खाली गेल्यावर पडतो तेवढा जादा दाब. मधुमेही जखमेसाठी चेंबर बहुधा २ ते २.५ वातावरणांपर्यंत नेतात (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा नेहमीचा दाब). २.४ धरलं, तर ते समुद्रात १४ मीटर खोल जाण्याइतकं झालं. हा दाब १२ मिनिटांत एकसारखा वाढवला, तर नळी घट्ट मिटायला साधारण एक मिनिट पुरतं. म्हणजे दार बंद झाल्यावर बाबांनी मिनिटभर काहीच केलं नाही, नुसते काळजीत बसून राहिले, तर त्यानंतर कितीही गिळून उपयोग नाही. शिवाय हवा आकसण्याचं प्रमाण सुरुवातीला जास्त असतं. १ वरून १.२ वातावरणावर जाताना पोकळीतली हवा सुमारे १७ टक्क्यांनी घटते, २.२ वरून २.४ वर जाताना आठच टक्क्यांनी. म्हणून कानाचा खरा कस पहिल्या तीन-चार मिनिटांत लागतो. ती नीट पार पडली की पुढचं बहुतेकांना सोपं जातं.

'पण बाबा विमानाने जातात, तेव्हा काही होत नाही' असं अनेक नातेवाईक म्हणतात. विमान उतरताना केबिनमधला दाब फार तर पाव वातावरणाने वाढतो, आणि तोही सावकाश. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना दडे बसतात तिथला फरक तर जेमतेम ०.१५ वातावरणाचा असतो. चेंबरमध्ये १.४ वातावरणांचा फरक दहा-पंधरा मिनिटांत पडतो. त्यामुळे विमानात त्रास झाला नाही यावरून फारसा अंदाज बांधता येत नाही. तारकर्लीला स्कूबासाठी पाण्यात उतरलेल्यांचे कान ज्या कारणाने दुखतात, तेच कारण इथे आहे. फरक एवढाच की तिथे हौस असते आणि इथे आजारी माणूस.

तर पुढच्या सिटिंगआधी सर्वांत पहिलं काम म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दोन्ही पडदे बघून घेणं. उजवा कान एवढा दुखला आहे तर ही तपासणी टाळू नका. पडदा नुसता लालसर असेल तर एक-दोन दिवस थांबून, सावकाश दाब वाढवून बहुधा पुढे जाता येतं. पडद्यामागे रक्त किंवा पाणी साठलं असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावं लागतं. त्याला काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही. पडदा फाटला असेल तर दुखणं उलट अचानक थांबतं आणि कानातून पातळ किंवा रक्तमिश्रित पाणी येतं. तेव्हा 'दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं' असं समजू नका. अशी छोटी भोकं बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात, कान कोरडा मात्र ठेवावा लागतो. पूर्वी कानाची कुठलीही शस्त्रक्रिया झाली असेल, विशेषतः ऐकण्याचं हाड बदलण्याची, तर ते या वेळी आवर्जून सांगा.

दरम्यान खंड पडला म्हणून आधीच्या सिटिंग्ज वाया जात नाहीत. जखमेवर परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि मधले चार-सहा दिवस आपण भरून काढू शकतो. विषारी वायूची बाधा, रक्तात शिरलेली हवा, वायूजन्य गँगरीन अशा तातडीच्या आजारांत हिशोब वेगळा असतो. तिथे आम्ही कानासाठी थांबत नाही, गरज पडल्यास पडद्याला छेद घेऊन लगेच आत नेतो. तुमच्या बाबांकडे वेळ आहे. तो वापरा.

आता शिकवणीकडे येते. हे घरी, खुर्चीत बसून, निवांत करायचं आहे. चेंबरमध्ये पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नव्हे.

सर्वांत सौम्य उपाय नुसतं गिळण्याचा. बाबांचं तोंड कोरडं पडत असेल. मधुमेहात ते बरेचदा पडतं, आणि भीतीने आणखी. मग 'गिळा' म्हटलं तरी गिळायला लाळच नसते. म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आत नेता येईल का ते केंद्राला विचारा आणि त्यांना घोट-घोट घ्यायला सांगा. दुसरा उपाय, नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड मिटून पाण्याचा घोट गिळायचा. कानात बारीकसं 'टक' झालं की नळी उघडली. तिसरा म्हणजे खालचा जबडा पुढे काढून, तोंड न उघडता जांभई दिल्यासारखं करायचं. काहींना हा एकच उपाय पुरतो, काहींना तो साधतच नाही.

चौथा उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे तो चुकीचा करतात: नाक-तोंड बंद करून हवा सोडायचा प्रयत्न, म्हणजे व्हॅल्साल्वा. फुंकर हलकी हवी, दोन-तीन सेकंदांपुरती, गालांतच राहील इतकी. चेहरा लाल झाला किंवा मानेच्या शिरा फुगल्या, तर जोर जास्त झाला. घट्ट मिटलेल्या नळीवर अशी जोराची फुंकर मारली तर आतल्या कानाचा नाजूक पापुद्रा फाटून ऐकू येणंच कमी होऊ शकतं. बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांच्या पायाला मधुमेहाने गाठलंय त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यालाही बरेचदा गाठलेलं असतं. तिथे नव्या कच्च्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर जोर केल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे विचारून घ्या. उत्तर 'हो' आलं, तर जोराची फुंकर पूर्ण वर्ज्य करून पहिल्या तीन उपायांवरच भर द्या. मी अशा रुग्णांना चौथा उपाय शिकवतच नाही.

यातला कुठला उपाय बाबांना लागू पडेल हे मी इथून सांगू शकणार नाही. आरशासमोर बसवून एकेक करून बघा. ज्याने दोन्ही कानांत 'टक' होतं तो त्यांचा. एकाच कानात होत असेल तर अडणाऱ्या बाजूचा कान छताकडे येईल अशी मान दुसऱ्या बाजूला कलवून परत करून बघा. उजव्यासाठी डावीकडे. दिवसातून तीन-चार वेळा, दोन दिवस एवढा सराव झाला की माणसाचा चेहराच बदलतो, कारण आता त्याच्या हातात काहीतरी असतं.

प्रत्यक्ष सिटिंगच्या दिवशी दार बंद झाल्यावर दाब वाढायच्या आधीच एकदा कान मोकळे करायचे, आणि मग दर काही सेकंदांनी करत राहायचं. कानात भरल्यासारखं वाटण्याची वाट बघायची नाही. भरल्यासारखं वाटलंच तर त्याच क्षणी हात वर. दुखल्यावर नव्हे. चालकाने दाब तिथेच थांबवायचा, थोडा खाली आणायचा, कान सुटला की परत पुढे. दोन-तीनदा करूनही सुटत नसेल तर त्या दिवसापुरतं बाहेर यायचं. दाब वाढत असताना झोपायचं नाही, कारण झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. शक्य असेल तर बसून किंवा डोकं उंच ठेवून राहायचं. आडवं पडलं की नळीच्या भोवतीचं अस्तर रक्ताने फुगतं. एकट्याच्या काचेरी चेंबरमध्ये आडवंच राहावं लागत असेल तर डोक्याखाली उशी वाढवून मागा. परत येताना, दाब कमी होत असताना, हवा आपोआप बाहेर पडते. तेव्हा फुंकर मारायची नाही, फक्त नेहमीसारखा श्वास चालू ठेवायचा आणि अधूनमधून गिळायचं. श्वास मात्र कधीच रोखून धरायचा नाही.

हात वर करण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या अनुभवात निम्मी दुखणी इथे टळतात. अनेकजण एकत्र बसतात त्या मोठ्या चेंबरमध्ये बाबांच्या वयाची माणसं हात वर करत नाहीत. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, असं त्यांना वाटतं. दात-ओठ आवळून बसतात, आणि आवळलेल्या जबड्याने नळी उघडत नाही. बायका तर 'सहन होईल' म्हणून आणखी उशिरा सांगतात. म्हणून मी रुग्णाला आत जायच्या आधीच सांगते, की पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही एकदा तरी हात वर करायचाच, कान ठीक असला तरी. एकदा हात वर केला, दाब थांबला, कुणी रागावलं नाही, हे बघितलं की संकोच जातो. तुम्हीही बाबांना असंच सांगून बघा. आणि केंद्रात आधी भेटून दोन गोष्टी स्पष्ट मागा: पुढच्या काही सिटिंग्जमध्ये दाब निम्म्या वेगाने वाढवा, आणि आत सहायक असेल तर तो बाबांच्या समोर बसू द्या. इतर रुग्णांमुळे वेग कमी करता येत नसेल तर सुरुवातीला त्यांना एकट्याचा वेळ द्या, असा आग्रह धरा. हा हट्ट नाही.

औषधांचं बोलायचं तर नाक मोकळं करणारे थेंब अनेक केंद्रं अर्धा तास आधी देतात. त्यांच्या उपयोगाबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. नाक चोंदलेलं असेल तर मी देते, पण सलग चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नाही, कारण पुढे त्याच थेंबांनी नाक आणखी चोंदतं. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब चढतो, म्हणून त्या बाबांना स्वतःच्या मनाने देऊ नका. सर्दी-पडसं असेल त्या दिवशी सरळ सुट्टी घ्या. आधी वेदनाशामक घेऊन आत पाठवणं मला पटत नाही. त्याने आपली धोक्याची सूचना तेवढी बंद होते, पडद्यावरचा ताण तसाच राहतो. बाबा तपकीर ओढत असतील किंवा बिडी-सिगारेट असेल, तर नाकाचं अस्तर कायम सुजलेलं राहतं. जखमेसाठी ते सोडायला सांगितलं असेलच, कानासाठीही सोडायला हवं.

आता तेल. दुखणारा कान पडद्याच्या आतल्या बाजूने दुखतोय, बाहेरून सोडलेलं तेल तिथे पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र ते आत जाऊन पू धरवू शकतं. आणि दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल हा आगीचा धोका आहे. त्यामुळे कानात, केसांना, अंगाला कसलंही तेल किंवा व्हॅसलीन लावून आत जायचं नाही. कानात घट्ट बोळेही नकोत, त्यांच्यामागे अडकलेली हवा नवीन दुखणं लावते. कानाचं मशीन असेल तर ते बाहेरच काढून ठेवायचं. आणि कानाच्या धास्तीने ते उपाशी जात नाहीत ना, तेवढं बघा. चेंबरमध्ये मधुमेह्यांची साखर उतरू शकते. खाऊन, साखर मोजूनच आत पाठवा.

नळीचा, म्हणजे ग्रोमेटचा प्रश्न राहिला. पडद्याला बारीक छेद देऊन त्यात मण्याएवढी नळी बसवतात. मोठ्या माणसात भूल फक्त कानापुरती पुरते आणि काम काही मिनिटांचं असतं. नुसता छेद दिला तर तो काही दिवसांत भरून येतो, ३० सिटिंग्जना पुरत नाही, म्हणून नळी. ती साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप निघून पडते. बसवल्यावर दाबाने कान दुखणं जवळजवळ संपतंच. पण मधुमेहात कान वाहण्याची शक्यता वाढते, आंघोळीला पाणी जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते, आणि थोड्या लोकांत नंतर भोक तसंच राहतं. म्हणून मी आधी नीट शिकवून, वेग कमी करून दोन-तीन सिटिंग्ज करून बघते. तरी जमलं नाही किंवा पडद्यामागे परत परत रक्त येऊ लागलं, तर मग नळीला नाही म्हणत नाही. उपचार सोडून पाय पणाला लावण्यापेक्षा नळी कितीतरी बरी.

काही रुग्णांत मी ती सुरुवातीलाच सुचवते. बेशुद्ध किंवा श्वासनलिकेत नळी असलेले रुग्ण सांगू शकत नाहीत आणि गिळूही शकत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतल्यावर जबड्याचं हाड खराब झालेले रुग्ण आपल्याकडे तंबाखूमुळे बरेच येतात. त्यांची युस्टेशियन नळीच रेडिएशनने कडक झालेली असते आणि तोंडही पुरतं उघडत नाही. अशांना 'जांभई द्या' म्हणणं क्रूरपणाचं आहे. तुमच्या बाबांचं यातलं काही नाही, म्हणून त्यांना आधी संधी द्यावी असं मला वाटतं.

थोडक्यात तुमचा क्रम असा: पडदे तपासणं, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारणं, दोन दिवस घरी सराव, केंद्राशी वेगाबद्दल बोलणं, मग सिटिंग. त्यानंतर गरज पडली तर नळी.

कुठल्याही सिटिंगनंतर गरगरलं, उलटी झाली, कानात सतत शिट्टी वाजू लागली किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते आतल्या कानाचं लक्षण असू शकतं आणि तिथे तास मोजावे लागतात.

याउलट सिटिंग चांगली झाली, दुपारी कान मोकळे होते, आणि रात्री किंवा पहाटे परत दडे बसले, तर घाबरू नका. तासभर ऑक्सिजन घेतल्यावर पडद्यामागच्या पोकळीतही ऑक्सिजन भरतो. तिथलं अस्तर तो हळूहळू शोषून घेतं आणि झोपेत गिळणं कमी असल्याने पोकळी रिकामी पडते. बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत तासा-दोन तासांनी आणि झोपायच्या आधी एकदा, बाबांना जमलेल्या उपायाने हलकेच कान मोकळे केले की बहुतेकांना हे होत नाही. सकाळी दडे असतीलच तर पुढची सिटिंग सुरू होण्याआधी ते सुटायला हवेत. सुटले नाहीत, तर दार बंद करण्यापूर्वी चालकाला सांगा.